गळा, गुरु आणि वैद्य

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. मी वैद्य नाहीं आणि गवईही नाहीं. छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना धडे दिले, कविता म्हणून घेतल्या, दर हिंवाळ्यांत स्नेहसंमेलनाचीं नाटकें बसविलीं, आणि वयाच्या नियमाप्रमाणें निवृत्त होऊन घरीं आलों. असल्या माणसानें कलावंतांच्या आरोग्याविषयीं बोलावें हा अधिकप्रसंग वाटेल. परंतु या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आहे. आणि ज्यानें चूक केली त्याला तिच्याविषयीं बोलण्याचा थोडा तरी अधिकार असतो, एवढ्या भांडवलावर मी आपल्यापुढें आलों आहें.

तालुक्याच्या गांवीं माझी शाळा होती. सातवींत एक मुलगा होता. त्याचें नांव मी सांगत नाहीं. तो आज चांगला संसारी गृहस्थ आहे. त्याचा आवाज असा कीं, त्यानें प्रार्थनेला तोंड उघडलें म्हणजे शेजारच्या पोस्टांतील माणसें खिडकीशीं येऊन उभीं राहात. त्या वर्षीच्या संमेलनांत मीं त्याला नाट्यपदें दिलीं. एक नव्हे, चार. तालमी महिनाभर चालल्या. मध्यें केव्हां तरी त्याचा आवाज चिरकूं लागला. वरच्या षड्जावर तो दुभंगे आणि मुलें हंसत. तेराव्या वर्षीं मुलाचा आवाज फुटतो हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु संमेलन आठ दिवसांवर आलें होतें, पाहुणे ठरले होते, आणि माझा हट्ट होता. मीं त्याला हळद घातलेलें दूध पाजलें, ज्येष्ठमध चघळावयास दिला, आणि ‘जोर लाव, म्हणजे लागेल’ असें सांगितलें. त्यानें जोर लावला. पदें झालीं, टाळ्या पडल्या, ‘वन्स मोअर’ही झाला. दुसऱ्या दिवशीं त्याच्या तोंडून शब्द उमटेना.

पंधरवड्यानें आवाज परतला, पण घोगरा. वडिलांनीं त्याला गांवांतील डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं घशांत पाहिलें, औषध दिलें आणि सांगितलें, ‘गाणें बंद करा.’ मग पेटी शिकविणाऱ्या गुरुजींकडे नेलें. ते म्हणाले, ‘बंद केलें तर गळा गंजेल. रियाज वाढवा, पहांटे खर्ज लावा.’ दोघेही भले गृहस्थ. दोघांनींही मुलाचें हितच चिंतिलें. शेवटीं वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘मास्तर, तुम्हीच सांगा, मी कुणाचें ऐकूं?’ मला उत्तर आलें नाहीं. मुलानें कांहीं दिवस एकाचें ऐकिलें, कांहीं दिवस दुसऱ्याचें, आणि मग गाणेंच सोडलें. आज तो गांवच्या भजनाला बसतो. हातांत टाळ असतो, ठेका चुकत नाहीं. पण तोंड मिटलेलें असतें.

त्याचा गळा केवळ माझ्यामुळेंच गेला असें कोणी शास्त्रज्ञ छातीठोकपणें सांगणार नाहीं. परंतु ‘मी कुणाचें ऐकूं?’ हा त्या बापाचा प्रश्न मात्र माझ्यापाशीं राहिला. आजचें भाषण हें त्या प्रश्नाला उशीरां दिलेलें उत्तर आहे.

प्रथम गळा म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. आपण ज्याला कंठमणि म्हणतों, त्याच्या आंत, श्वासनळीच्या तोंडाशीं दोन लहान पडदे असतात. पुरुषाच्या ठिकाणीं त्यांची लांबी सुमारें दीड ते दोन सेंटिमीटर, स्त्रीच्या ठिकाणीं त्याहून थोडी कमी. त्यांना स्वरतंतु म्हणतात. तंतु म्हटलें कीं तंबोऱ्याची तार डोळ्यांपुढें येते. पण हे तारेसारखे ताठ नसून ओठांसारखे मऊ आणि ओलसर असतात. फुप्फुसांतून वर येणारा वारा त्यांना विलग करितो, आणि ते पुन्हां एकमेकांवर येऊन आदळतात. काळी एक या पट्टींत गाणारा पुरुष मध्य षड्ज लावतो तेव्हां हा आघात एका सेकंदांत सुमारें १३९ वेळां होतो; काळी पांचमध्यें गाणाऱ्या स्त्रीच्या गळ्यांत तो सुमारें २३३ वेळां होतो. तासभर नुसता षड्ज धरला असें मानलें, तर पुरुषाच्या गळ्यांत पांच लक्ष आणि स्त्रीच्या गळ्यांत आठ लक्षांहून अधिक आघात झाले. इतके आघात सोसूनही जो पडदा वर्षानुवर्षें टिकतो, त्याची घडण किती नाजुक आणि किती चिवट असेल याची कल्पना करावी.

हे आघात मृदु असतात तोंवर कांहीं बिघडत नाहीं. परंतु श्वास अपुरा असतां, मान ताणून, गळा आवळून, गोंगाटावर ओरडून स्वर काढला, म्हणजे पडदे एकमेकांवर जोरानें आपटतात. कुदळ धरणाऱ्याच्या हाताला जसे घट्टे पडतात, तसे मग या पडद्यांवरही पडतात. आणि ते बहुधा दोन्ही पडद्यांवर समोरासमोर, जेथें आघात सर्वांत जोराचा होतो तेथेंच येतात. घट्टा आला कीं पडदे नीट मिटत नाहींत. मधून वारा सुटतो, आवाज घोगरा होतो. गाणारा अधिक जोर करितो, आणि घट्टा अधिक वाढतो. गवई, नट, कीर्तनकार, भाजीवाला आणि शाळामास्तर या सर्वांचा हा समाईक रोग आहे.

मुलगा वयांत येतो त्या काळांत आणखी एक गोष्ट घडते. त्याचें स्वरयंत्र झपाट्यानें वाढतें, पडदे लांब आणि जाड होतात, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. जुनी बारीक तार काढून नवी जाड तार चढवावी, आणि ती बसण्यापूर्वींच तिला जुन्या स्वरापर्यंत पिळावी, तसा प्रकार मीं त्या मुलाच्या बाबतींत केला. त्या काळांत गाणें सर्वस्वीं बंद करण्याचें कारण नसतें. पट्टी उतरवावी, वरचे स्वर सोडावे, थोडा वेळ आणि हलकें गावें, एवढें पथ्य पुरतें.

आतां माझ्या हळदीच्या दुधाविषयीं. आपण गिळतों त्या वेळीं श्वासनळीचें तोंड मिटतें आणि घांस अन्ननलिकेंत जातो. म्हणजे दूध, मध, ज्येष्ठमध, खडीसाखर यांतील थेंबही स्वरतंतूंवर पडत नाहीं. पडलाच तर ठसका लागतो. त्यांनीं वरच्या घशाला बरें वाटतें, एवढाच त्यांचा गुण. पडद्यांना प्रत्यक्ष पोंचते ती श्वासाबरोबर जाणारी वाफ. आणि दिवसभर पुरेसें पाणी प्यालें म्हणजे त्यांना आंतून ओलावा मिळतो. पाहा, इतकी साधी गोष्ट, पण ती ना डॉक्टरांनीं त्या मुलाला सांगितली, ना गुरुजींनीं, ना मीं.

आतां त्या दोघांचे सल्ले पुन्हां पाहूं. डॉक्टर म्हणाले, बंद करा. विश्रांतीनें सूज उतरते हें खरें. पण ज्या संवयीनें ती आली ती संवय विश्रांतीनें जात नाहीं. महिन्याभरानें मुलगा पुन्हां त्याच रीतीनें गाऊं लागला कीं दुखणें पुन्हां उभें राहतें. शस्त्रानें गांठ काढली तरी तोच न्याय. शिवाय शस्त्राचें स्वतःचें भय आहेच. १९६५ च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या बोलपटानें जगभर गाजलेली ज्युली अँड्र्यूज हिच्या स्वरयंत्रावर १९९७ सालीं शस्त्रक्रिया झाली, आणि तिचा पूर्वीचा गाता गळा तिला परत मिळाला नाहीं. उलट गुरुजी म्हणाले, रियाज वाढवा. संवय ही अभ्यासानेंच सुधारते हें त्यांचें म्हणणेंही खरें. पण सुजलेल्या पडद्यावर केलेला अभ्यास म्हणजे मुरगळलेल्या पायानें धांवणें. एकाला शरीर दिसत होतें, विद्या दिसत नव्हती. दुसऱ्याला विद्या दिसत होती, शरीर दिसत नव्हतें. कलावंताचें दुखणें तर नेमकें या दोहोंच्या सांध्यावर असतें. तें अर्धें शरीराचें आणि अर्धें शिक्षणाचें.

ही जाणीव आपल्याकडे नवी आहे असें कोणी समजूं नये. तेराव्या शतकांत, यादवांच्या देवगिरीस, शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. शार्ङ्गदेव हा सिंघण राजाच्या दरबारीं हिशेबखात्याचा अधिकारी, आणि वैद्यकाचाही जाणता होता. संगीतावरील एवढ्या मोठ्या ग्रंथाचा आरंभ त्यानें रागापासून केला नाहीं. पहिल्याच अध्यायांत, नाद आणि स्वर यांच्याही अगोदर, त्यानें पिंडोत्पत्तीचें प्रकरण घातलें आहे; देह कसा घडतो, त्यांत अवयव कोणते, नाड्या कोणत्या, याचें तें विवेचन आहे. पुढें गाणाऱ्याचे पंचवीस दोष सांगतांना कपाळाच्या, तोंडाच्या आणि मानेच्या शिरा फुगवून गाणाऱ्यास त्यानें ‘झोंबक’ म्हटलें. मान वांकडी करून गाणारा तो ‘वक्री’, गाल भोपळ्यासारखे फुगविणारा तो ‘तुंबकी’. हे दोष त्यानें सौंदर्याच्या दृष्टीनें सांगितले असतील. पण आजचा घशाचा डॉक्टर मान आणि शिरा पाहूनच गाणारा कोठें जोर लावतो तें ओळखतो. देवगिरीच्या या पंडितापाशीं वैद्य आणि गुरु एकाच आसनावर बसलेले होते. पुढें त्यांचीं आसनें वेगळीं झालीं.

युरोपांत तीं पुन्हां जवळ आणलीं तीं एका गानशिक्षकानें. मान्युएल गार्सिया हा १८०५ सालीं जन्मलेला स्पॅनिश गृहस्थ. बाप मोठा गवई, बहिणी नामांकित गायिका. याचा स्वतःचा गळा मात्र तरुणपणींच अतिश्रमानें बिघडला, आणि त्यानें रंगभूमि सोडून शिकविण्याचा धंदा पत्करला. परंतु आपला गळा कां गेला हा प्रश्न त्यानें सोडला नाहीं. पॅरिसमधील लष्करी रुग्णालयांत राहून त्यानें स्वरयंत्राच्या रचनेचा अभ्यास केला. तरीही जिवंत माणसाच्या गळ्यांत, गात असतांना, काय घडतें तें कोणासही दिसत नव्हतें. १८५४ सालीं पॅरिसमध्यें असतां, आरशावर पडलेल्या उन्हाचा कवडसा पाहून त्याला एकाएकीं युक्ति सुचली. दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहान आरसा घेऊन तो त्यानें कोमट करून आपल्या पडजिभेशीं धरला, दुसऱ्या हातांतील आरशानें ऊन त्यावर पाडलें, आणि स्वतःचे स्वरतंतु उघडतांना व मिटतांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले. १८५५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचा निबंध वाचला गेला. पुढें दोनचार वर्षांत व्हिएन्ना आणि पेस्त येथील डॉक्टरांनीं हा आरसा रोगनिदानास लाविला, आणि घशाचें वैद्यक हें स्वतंत्र शास्त्र म्हणून उभें राहिलें. १९०५ सालीं गार्सियाला शंभर वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां देशोदेशींच्या वैद्यांनीं लंडनमध्यें त्याचा सत्कार केला. घशाच्या डॉक्टरांचें पहिलें मुख्य साधन एका गाणें शिकविणाऱ्या मास्तरानें दिलें, ही गोष्ट माझ्यासारख्या मास्तराला फार धीर देणारी वाटते.

दुसरा एक आरसा टास्मानियांत जन्मलेल्या एका नटाचा. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर याचा जन्म १८६९ चा. नाट्यप्रवेश पाठ म्हणून दाखविणें हा त्याचा व्यवसाय. पण प्रयोगांत त्याचा आवाज बसूं लागला. डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली. विश्रांतीनें आवाज सुधारे आणि प्रयोगाच्या अर्ध्यावर पुन्हां जाई. तेव्हां त्यानें डॉक्टरांना विचारलें कीं, मी रंगमंचावर बोलतांना जें करितों त्यांतच दोष असला पाहिजे, नाहीं का? डॉक्टरांनीं तें मान्य केलें. पण नेमकें काय चुकतें तें त्यांना सांगतां येईना. मग अलेक्झांडर महिनेच्या महिने आरशापुढें उभा राहून स्वतःकडे पाहात राहिला. त्याला दिसलें कीं, बोलावयास आरंभ करतांच आपण डोकें मागें ओढतों, कंठ खालीं दाबतों आणि तोंडानें हापकून श्वास घेतों. ती संवय त्यानें मोठ्या चिकाटीनें मोडली, आणि १९०४ सालीं लंडनला जाऊन तीच विद्या तो नटांना शिकवूं लागला. त्याचीं सगळीं मतें वैद्यकानें मान्य केलीं असें नाहीं. पण औषधानें न सुटलेलें कोडें शिक्षणानें सुटलें, हें त्याचें उदाहरण निर्विवाद आहे.

या दोन आरशांची मला स्वतःला गरज पडली ती वयाच्या पन्नाशींत. साठ मुलांच्या वर्गापुढें ओरडून माझाही गळा बसला. सवयीप्रमाणें मीं वर्षभर आलें-मध चाटलें, आणि मग शहरांतील घशाच्या डॉक्टरांकडे गेलों. गार्सियाच्या आरशाच्या जागीं आतां दुर्बिणीची बारीक नळी आली आहे. तिनें डॉक्टरांनीं मला माझेच स्वरतंतु पडद्यावर दाखविले. त्यांवर तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे होते. त्यांनीं शस्त्र उचललें नाहीं. शेजारच्या खोलींत वाणीचे उपचार करणाऱ्या एक बाई बसत. त्यांच्याकडे मला धाडलें. बाईंनीं औषध दिलें नाहीं. म्हणाल्या, ‘मास्तर, वर्गांत शिकवितां तसा एक धडा मला शिकवून दाखवा.’ मीं शिकविला. त्या शांतपणें ऐकून म्हणाल्या, ‘तुम्ही शेवटच्या बांकावरच्या मुलाकडे पाहून बोलतां तेव्हां हनुवटी वर जाते, आणि वाक्य संपण्यापूर्वीं श्वास संपतो, तरी तुम्ही बोलतच राहातां.’ मग अडीच महिने, आठवड्यांतून एकदां, त्यांनीं मला श्वास कोठें घ्यावा, वाक्य कोठें तोडावें, आवाज न चढवितां मुलांना गप्प कसें करावें, खाकरण्याऐवजीं पाण्याचा घोट कसा घ्यावा, तें शिकविलें. डॉक्टरांनीं पुन्हां नळी घातली तेव्हां कण्या जवळजवळ विरल्या होत्या. छत्तीस वर्षें मीं इतरांना शिकविलें, पण बोलावयास मला पन्नाशींत शिकावें लागलें.

त्या दवाखान्यांतून बाहेर पडतांना मला तो मुलगा आठवला. डॉक्टरांची खोली आणि बाईंची खोली यांच्यामध्यें एक दार होतें, आणि त्या दारांतून दिवसभर चिठ्ठ्या जात-येत होत्या. आमच्या गांवीं डॉक्टरांच्या दवाखान्यापासून गुरुजींच्या घरापर्यंत पांच मिनिटांची वाट होती. पण ती वाट कोणी चाललें नाहीं. मीही नाहीं.

वैद्य आणि विद्या यांची गांठ पडली म्हणजे काय घडतें, याचें मोठें उदाहरण आपल्याच संगीतांत आहे. कुमार गंधर्व यांना ऐन तारुण्यांत, १९४७ च्या सुमारास, क्षयानें गांठलें. ते देवासच्या हवेंत जाऊन राहिले; पांचसहा वर्षें गाणें बंद होतें. स्ट्रेप्टोमायसीन हें औषध त्या काळीं नुकतेंच निघालें होतें. त्यानें ते वांचले, परंतु एक फुप्फुस कायमचें निकामी झालें. येथवर वैद्यकाचें काम. पण उरलेल्या श्वासावर गावें कसें, हें कोणत्याही औषधाच्या बाटलीवर लिहिलेलें नव्हतें. तें त्यांनीं स्वतः शोधलें: लहान लहान जोरकस स्वरवाक्यें, नेमक्या जागीं श्वास, थोडक्यांत पुष्कळ सांगणारी फेंक. त्यांची गायकी केवळ आजारांतून निघाली असें म्हणणें हा त्यांच्या प्रतिभेचा अपमान होईल; परंतु बदललेल्या शरीराला त्यांनीं पुन्हां शिकविलें, हें खरें. जें एका असामान्य माणसाला एकट्यानें साधलें, तें सामान्य कलावंताला साधावें यासाठीं मात्र संस्था लागतात.

अशा संस्था परदेशांत उभ्या राहिल्या आहेत. न्यूयॉर्कमध्यें १९६९ सालीं आवाजाच्या अभ्यासासाठीं ‘व्हॉइस फाउंडेशन’ स्थापन झालें. तेथें घशाचे डॉक्टर, वाणीचे उपचारक आणि गानशिक्षक हे एकाच मंडपांत बसूं लागले. ब्रिटनमध्यें १९८४ पासून कलावंतांच्या वैद्यकासाठीं एक धर्मादाय संस्था काम करीत आहे. नट, नर्तक, वादक आणि गायक यांना त्यांच्या धंद्याची जाण असलेले तज्ज्ञ तेथें सल्ला देतात. अमेरिकेंत १९८९ सालीं या विषयाच्या तज्ज्ञांचा संघ निघाला. परंतु माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट २००४ सालीं टेक्सासमध्यें झाली. संगीतविद्यालयांतील आरोग्य या एकाच विषयावर तेथें परिषद भरली, आणि तिनें विद्यालयांना चार सूचना केल्या: आरोग्य जपणें हें विद्यालयाचें स्वतःचें धोरण असावें, संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्यवसायांतील दुखण्यांविषयींचा अभ्यासक्रम असावा, श्रवणशक्तीच्या हानीविषयीं शिकवावें, आणि विद्यार्थ्याला योग्य वैद्यकीय मदतीपर्यंत विद्यालयानेंच पोंचवावें. यांत नवें औषध एकही नाहीं. दुखणें दवाखान्यांत येण्यापूर्वीं वर्गांत अडवावें, एवढाच अर्थ.

आपल्याकडे साधनें नाहींत असें नाहीं. म्हैसूर येथें १९६५ पासून वाणी आणि श्रवण यांची अखिल भारतीय संस्था आहे. मुंबईस वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नांवची राष्ट्रीय संस्था आहे. तेथें तयार झालेले उपचारक मोठ्या शहरांतून भेटतात. उणीव आहे ती दाराची. माझ्या ओळखीचीं जीं मुलें संगीताच्या परीक्षांना बसतात, त्यांना मी विचारतों कीं, श्रुति किती? बावीस, असें उत्तर चटकन येतें. मग विचारतों, स्वरतंतु किती? तीं माझ्या तोंडाकडे पाहात राहातात.

ही गोष्ट केवळ गळ्याची नाहीं. तबलजीचें मनगट, सतारियाची पाठ, कथक नाचणाऱ्या मुलीचा गुडघा, या सर्वांना हाच न्याय लागू आहे. बैठक आणि रीत न सुधारतां लावलेलें मलम वायां जातें. कानाची गोष्ट मात्र थोडी वेगळी, कारण तेथें गेलेलें परत येत नाहीं. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसवतो असें धरतात; पुढें दर तीन डेसिबलांना ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, आणि १०० ला अवघा पाव तास. ढोलताशांचा आवाज शंभराच्या पुढें सहज जातो. पुण्यामुंबईकडील घरांतून मुलेंमुली पथकांच्या सरावाला जातात, त्यांच्या खिशांत कानांचे बोळे असतात का, हें आईबापांनीं एकदां पाहावें.

आणि हा विचार शहरांतील मैफलींपुरता राहिला तर तो अपुरा. विठाबाई नारायणगांवकर तमाशाचा खेळ चालू असतां बाळंत झाल्या आणि पुन्हां येऊन नाचल्या, ही हकीकत महाराष्ट्र अभिमानानें सांगतो. त्यांच्या जिद्दीचा अभिमान जरूर असावा. पण फडाबरोबर गांवोगांव फिरणाऱ्या बाईला त्या घटकेला विसाव्याचा हक्क नव्हता, याचें वाईट कुणाला वाटलें? ज्यांच्या कलेवर आपण टाळ्या वाजवितों, त्यांच्या शरीराचें कांहीं देणें आपल्याकडे लागतें.

तर मग घरांतून काय करावें? मुलाला अगर मुलीला गाण्याच्या क्लासांत घालतांना गुरूंना दोन प्रश्न विचारावे: तालमीच्या मध्यें विसावा देतां का, आणि आवाज बसला तर कोणाकडे पाठवितां? आवाज तीन आठवड्यांहून अधिक घोगरा राहिला तर काढे पुरे करून घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतु पाहून घ्यावे. डॉक्टरांना ‘हा गातो’ एवढें सांगून थांबूं नये. तो किती वेळ, कोणत्या पट्टींत, कोणत्या रीतीनें गातो तें सांगावें, आणि शक्य तर त्यांच्यासमोर गावयास लावावें. त्यांचा सल्ला लिहून घेऊन तो गुरूंच्या हातीं द्यावा, आणि गुरूंचें निरीक्षण डॉक्टरांना कळवावें. सर्दींत अथवा बसलेल्या आवाजानें स्पर्धेला उभें करूं नये. दूरचित्रवाणीवरील स्पर्धा पुढच्या वर्षींही येतात. रात्रीं कार्यक्रमानंतर भरपेट जेवून लगेच आडवें होऊं नये. पोटांतील आम्ल वर येऊन स्वरयंत्र पोळतें. आणि ज्या मुलाचा आवाज फुटत आहे, त्याला संमेलनांत चार पदें देऊं नयेत. हें शेवटचें वाक्य माझ्या शिक्षकबंधूंसाठीं आहे.

गेल्या आषाढांत मी त्या जुन्या गांवीं गेलों होतों. भजन सुटल्यावर तो गृहस्थ मला भेटला. त्याची मुलगी दहा वर्षांची आहे. गाते, आणि गोड गाते. तिला जवळ ओढून तो मला म्हणाला, ‘मास्तर, हिला शिकवूं का? भीति वाटते.’ या वेळीं मला उत्तर आलें. मीं म्हटलें, शिकव. मग तालुक्यांतील गाण्याच्या बाईंच्या नांवें एक चिठ्ठी लिहिली आणि जिल्ह्याच्या घशाच्या डॉक्टरांच्या नांवें दुसरी. आणि एकीवर दुसऱ्याचा पत्ता घातला.

चिठ्ठ्या देऊन मी एस.टी.त बसलों. मुलीची तालीम सुरू झाल्याचें परवां पत्र आलें आहे.